कॅट झाली म्हणजे सीईटी झाली?
'कॅटचा (आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा) अभ्यास केला की सीईटी आपोआप निघते' असं बरेचदा म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. महाराष्ट्राच्या एमबीए प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद. त्यातले ७५ लॉजिकलचे (तर्काचे) आणि २५ आकृत्यांचे (आकृत्यांमधला क्रम ओळखायचे). गणित कच्चं असेल तर आधी या आकृत्या घोटा, सूत्रं पाठ नसली तरी जमतात. गाडं अडतं ते लॉजिकलमधल्या सीटिंग अरेंजमेंटच्या (कोण कुठे बसलंय ते शोधायच्या) एकाच कोड्यावर सहा-सात मिनिटं घालवल्याने. दोन मिनिटांत मांडणी बसली नाही, तर सरळ पुढे जा.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटची तीन-चार मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर नुसतं टिक करायला राखून ठेवा. कॅटमध्ये चुकीच्या पर्यायाला गुण कापतात; त्या सवयीने प्रश्न कोरे सोडणारे (आणि असे बरेच असतात!) इथेच हकनाक गुण घालवतात.