मदत हवी आहे : एचआयव्ही संशोधनात पीएचडीनंतर पुढे काय?
नमस्कार. भारतात एचआयव्हीचा सी उपप्रकार प्रामुख्याने आढळतो. औषधोपचार सुरू असतानाही पेशींत सुप्त राहणाऱ्या या विषाणूच्या साठ्यावरील माझे पीएचडीचे काम नुकतेच पूर्ण झाले आहे. मार्गदर्शक निवृत्त झाले, शिष्यवृत्ती संपली, आणि माझ्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या लावलेल्या रक्तपेशींच्या कुप्या मात्र अजून द्रव नायट्रोजनमध्येच आहेत (टाकी वेळेवर भरली जाते की नाही, ही चिंता वेगळीच). जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या ‘इंडिया अलायन्स’ची अर्ली करिअर फेलोशिप किंवा आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) अनुदान ज्यांना मिळाले आहे, त्यांनी यजमान संस्थेची (जिथे संशोधन करायचे तिची) संमती कशी मिळवली आणि जुन्या नमुन्यांसाठी एथिक्स कमिटीची मंजुरी नव्याने घ्यावी लागली का, हे कृपया सांगावे. प्रस्तावाचा मसुदा वाचून कोणी ज्येष्ठ परखड मत देणार असतील, तर मी आभारी राहीन.