विश्रामबागवाडा नुसता पाहायचा, की वापरायचाही?

पेठकरी
दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा १८०७ च्या सुमारास बांधला आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणं सोडलं. पेशव्यांचं वास्तव्य जेमतेम दहा वर्षांचं. खरं आयुष्य त्यानंतरचं! १८२१ मध्ये इंग्रजांनी विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशांतून इथे संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. मग हायस्कूल आलं, मग नगरपालिका, आणि १९५९ पर्यंत महापालिका. दर्शनी भागात टपाल कचेरी. माझं म्हणणं, वाडा टिकला तो या बिऱ्हाडकरूंमुळे. रोज माणसं येत होती, गळलं तर बोंब मारत होती. आता डागडुजी करून चार तसबिरी टांगायच्या आणि कुलूप घालायचं, हे मला पटत नाही. एखादी अभ्यासिका चालवा, नाहीतर जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची खिडकी उघडा.
शनिवारवाड्यात राहायला कोणी उरलं नाही, म्हणून आज तिथे तट आणि जोती.

चुनागच्ची
शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळाला तेव्हा रिकामा नव्हता हो. इंग्रजांनी तिथे तुरुंग आणि दवाखाना ठेवला होता. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग १८७९ च्या मे महिन्यात जळाला, तेव्हाही तो वापरातच होता. त्याच वेळी पेशव्यांचा बुधवारवाडा तर साफ गेला. वापराने वाडे वाचतात हे कुठल्या हिशोबाने म्हणता?

पेठकरी
१८७९ ची आग लावलेली होती. त्यावर खटलाही चालला. तिचा दोष वापराला कसा देता? आणि जळालेला भाग लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला, हे सोयीस्करपणे गाळलंत. वाडा कामाचा नसता तर वर्गणी कोणी दिली असती?

रंधा
तुम्ही दोघं इतिहासावर भांडताय, मी लाकडाचं बोलतो. दर्शनी सज्जाखालचे सुरूच्या आकाराचे सागवानी खांब सगळे बघतात, फोटो काढतात. वर तख्तपोशीकडे, म्हणजे लाकडी छताकडे, मान करून किती जण पाहतात? जुन्या तुळया माणसांच्या बैठकीसाठी, गाद्या-लोडांसाठी बसवलेल्या. त्यांच्यावर लोखंडी कपाटं आणि कागदांचे गठ्ठे रचले की तुळई मधोमध वाकते. एकदा वाकली की पुन्हा सरळ होत नाही. कचेरी आली की आणखी तीन गोष्टी येतात : प्लायवुडची पार्टिशनं, उघडी वायर आणि पाण्याचा नळ. यातला नळ सर्वांत वाईट. भिंतीत ओल, ओलीत वाळवी, आणि वरून ऑइलपेंट मारला की वाळवीने आतून केलेला भुगा दिसतही नाही. स्क्रू-ड्रायव्हर टोचावा लागतो, तेव्हा कळतं.
पण कुलूप लावणंही तितकंच वाईट. बंद खोली दमट होते, वारा खेळत नाही. म्हणून पेठकरींचं अर्धं म्हणणं मान्य. माणसं येऊ देत, कपाटं नकोत.

मांडवीकाठ
पणजीचं जुनं सचिवालय बघा. आदिलशहाचा राजवाडा, १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयांचं निवासस्थान, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली. नंतर प्रदर्शनं वगैरे होतात, गर्दीही होते. पण एक सांगते, सचिवालय असताना गावातला माणूस आपलं काम घेऊन आत जायचा. आता बहुतेक जण शेजारच्या संमोहनतज्ज्ञ अबे फारियाच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. देखणी झाली इमारत, पण आमचा तिथला हक्क सुटला.

चुनागच्ची
हक्क म्हणजे पान खाऊन जिन्याच्या कोपऱ्यात थुंकण्याचाच ना? सरकारी कचेरीत तो पहिला बजावला जातो.

पेठकरी
ते पुणेकर संग्रहालयातही बजावतात. :)
रंधा, तुमचा कपाटांचा मुद्दा घेतला. दाखल्यांची खिडकी रद्द. अभ्यासिका मात्र सोडणार नाही : सतरंज्या, बैठी डेस्कं, पुस्तकं मुलांनी आपापली आणायची. पाठशाळेतली मुलं तरी खुर्च्या-टेबलांवर थोडीच बसत होती!

रंधा
तळमजल्यावर चालेल. वरच्या मजल्यावर आधी तुळया तपासून किती माणसं बसवायची ते ठरवा, आणि आकडा दारावर लावा. चार्जिंगच्या पॉइंटचं काय करणार तेवढं सांगा. पन्नास मुलं पन्नास चार्जर घेऊन येतील, आणि वायर सागवानावरूनच जाईल.

चुनागच्ची
घ्या. आता बोला, पेठकरी.