मदरशांचा अभ्यासक्रम : जागतिक किती, स्थानिक किती?

प्रश्न : मदरशांतील शिक्षण जगभर एकाच साच्याचे असते, असे सर्रास गृहीत धरले जाते. कुराण, हदीस (पैगंबरांची वचने व आचरण), फिक्ह (इस्लामी कायदेशास्त्र) आणि अरबी व्याकरण हे विषय बहुतेक ठिकाणी समान असले, तरी स्थानिक परिस्थितीचा आणि बाहेरील केंद्रांचा त्यांवर कसा प्रभाव पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : दक्षिण आशियातील दर्स-ए-निझामी हा अभ्यासक्रम अठराव्या शतकातील, लखनौच्या फिरंगी महाल या विद्याकेंद्रातील मुल्ला निझामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यात तर्कशास्त्राला मोठे स्थान होते. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या (उत्तर प्रदेश) दारुल उलूम या धर्मशिक्षण संस्थेने हदीसवर अधिक भर दिला. मात्र ठरावीक वर्ग, वार्षिक परीक्षा आणि लोकवर्गणीवर चालणारा कारभार ही तिची रचना बरीचशी ब्रिटिशकालीन शिक्षणसंस्थांच्या वळणाची होती. परंपरा जपण्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेने ही नवी व्यवस्था स्वीकारावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद २ : इंडोनेशियातील पेसांत्रेन या निवासी शाळाही पाहाव्यात. तेथे कियाई, म्हणजे गुरू, केंद्रस्थानी असतात आणि जावा बेटावर अरबी ग्रंथांच्या ओळींमध्ये जावानीज भाषेत अर्थ लिहून घेण्याची पद्धत आहे. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठातून आणि मदिनेच्या इस्लामी विद्यापीठातून परतणारे पदवीधर सारखेच विचार आणतात, असेही नाही.

प्रतिसाद ३ : अल-अझहरलाही इजिप्तच्या राजकारणाने घडवले आहे. १९६१ च्या कायद्यानंतर तेथे वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या विद्याशाखा आल्या.