वॉर्मरआधी आईच्या मुक्कामाचं बघूया
नाशिकच्या सरकारी रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षाला ‘सगळे मिळून वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र) घेऊन देऊ’ ही सूचना चांगली आहे, पण नक्की काय हवंय ते आधी कक्षातल्या सिस्टरांना विचारा. ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत कित्येक आठवडे राहू शकतं. सुरगाणा, पेठहून नाशिकला आलेल्या ओल्या बाळंतिणीने तेवढे दिवस राहायचं कुठे? सरकारी रुग्णालयात उपचार मोफत असतात, पण बापाची बुडालेली मजुरी, आजीचं जेवण, एसटीचं भाडं? आई जवळ असली तरच तिचं दूध वेळेवर मिळतं, कांगारू पद्धतीने बाळाला उघड्या छातीशी धरता येतं. (माझी भाची सव्वा किलोची होती, तेव्हा हे रोज पाहिलंय.) माझे पैसे डबा आणि मुक्कामासाठी धरा. ज्यांना दूध जास्त येतं त्यांनी मिल्क बँकेचीही (आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांना देणारी सोय) चौकशी करा. मुंबईच्या सायन रुग्णालयात ती १९८९ पासून आहे.