श्रावणबाळचा अर्ज : वय आधारवरचं धरायचं की माणसाचं?

पंचवटीकर
आमच्या शेजारच्या आजी मूळच्या सुरगाण्याच्या. शाळा नाही, जन्माची नोंद नाही. आधार काढताना कुणीतरी अंदाजाने १ जानेवारी टाकून साल लिहिलं. त्या हिशेबाने आजी ६१ च्या, आणि गरीब वृद्धांना दरमहा अनुदान देणाऱ्या श्रावणबाळ योजनेला ६५ लागतात. अर्ज परत आला. त्यांच्या थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून तो ५२ चा आहे! नवव्या वर्षी बाळंतपण झालं का? नियमात आधाराशिवाय जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, एवढे मार्ग दिलेत. मग टेबलावर एकच कार्ड का पाहतात? पुरावा माणसाची खरी स्थिती कळावी म्हणून मागायचा असतो.

निफाडचा शेतकरी
मला हे पटत नाही. २०२४ ला लाडकी बहीण घाईत आणली, हमीपत्रावर अर्ज घेतले. पुढे सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या, पुरुषही निघाले. मग ई-केवायसी आली आणि तिचा त्रास खऱ्या गरजू बायकांना झाला. आजींच्या कागदांवर तीन वेगळी वयं असतील तर कारकुनाने कुठलं धरायचं? उद्या वसुली निघाली तर सही त्याची असते.

सिडकोची ताई
मी वस्तीत हे अर्ज भरून देते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात आधार बाजूला ठेवून शाळेचा दाखला धरला. पण नुसता निकाल सांगून टेबलावरचं काम होत नाही. आधार २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीपासून सुरू झालं. त्याच्या आधीची मतदार यादी शोधा. तेव्हा या अर्जाचा कुणाच्या मनात विचारही नव्हता, म्हणून त्या वयाला वजन आहे. सोबत वैद्यकीय दाखला जोडा. कुठला कागद काय सिद्ध करतो हे साध्या अर्जात लिहा, पोच घ्या. नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी 'बसत नाही' ऐकून परत येऊ नका, आमच्याकडच्या बायका तिथेच हरतात.

निफाडचा शेतकरी
एकमेकांना धरून बोलणारे कागद असतील तर माझी हरकत नाही. पण मुलाचा दाखला नियमातल्या पुराव्यांच्या यादीत बसत नाही, तो कुणी मोजणार नाही.

देवळालीचा रवी
वयाचं सोडा, उत्पन्नाचा दाखला बघा. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. अनुदानच महिन्याला १,५०० आहे. चार दिवस निंदणीला जाणारी बाई या आकड्यात कशी बसवायची? दाखला मागणाऱ्याला, देणाऱ्याला, दोघांनाही खरं माहीत असतं. मर्यादा अशी ठेवायची आणि मग गरिबाला खोटं बोलला म्हणायचं, याचा मला संताप येतो. आधी ती बदला, मग पुराव्याची कडक तपासणी करा. मी स्वतः पाठिंबा देईन.

पंचवटीकर
रवी, शंभर टक्के. ताई, जुनी मतदार यादी डोक्यातच आली नव्हती. निफाडकर, मुलाचा दाखला यादीत नाही हे मान्य, पण वयाचा अंदाज बांधणाऱ्या डॉक्टरांपुढे तो ठेवता येईलच ना? आजींना मंगळवारी सरकारी दवाखान्यात नेतोय, सुट्टी टाकली आहे. मुलगाही येणार आहे, त्याला मूळ दाखला घेऊनच ये म्हटलंय.