सातवी विज्ञान: पाणी ९७ अंशांवरच उकळतं, पान निळं पडत नाही, उकडलेल्या मटकीनेही निवळी दुधाळ होते. कुठे चुकतंय?

अजिंक्यतारा_पायथा

नमस्कार. साताऱ्याजवळची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, पट ३८. तीन प्रयोगांची उत्तरं पुस्तकाशी जुळत नाहीत. तिन्ही दोनदा करून झाले.

पहिला, पाण्याचा उत्कलनांक. २५० मिलिचं चंचुपात्र, त्यात २०० मिलि पाणी, तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा, लाल द्रवाची ११० अंशांपर्यंतची तापमापी. पाणी खळखळ उकळतं, पण वाचन ९७ ते ९७.५ च्या वर जात नाही. चार गट केले, चौघांचंही तेच. मुलं वहीत मात्र १०० लिहून मोकळी होतात.

दुसरा, पानातला स्टार्च. जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवली, मग पानाला काळी पट्टी लावून शुक्रवारी दिवसभर उन्हात. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून साडेसातला पान तोडलं. हिरवा रंग छान निघाला, पण आयोडिन टाकल्यावर पट्टीखालचा भाग आणि उघडा भाग दोन्ही सारखेच पिवळट तपकिरी.

तिसरा, बियांचं श्वसन. एका बरणीत मोड आलेली मटकी, दुसरीत उकडलेली, दोन्हींत चुन्याच्या निवळीची परीक्षानळी. कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, म्हणून फक्त मोडाच्या बरणीतली व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्या दुधाळ.

काय बदलू? आणि ९७ चं मुलांना काय सांगू?

कृष्णाकाठ_सांगली

मॅडम, पहिल्या प्रयोगात काहीच चुकलेलं नाही. साताऱ्यात पाण्याने ९७.५ च्या आसपासच उकळायला हवं. १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा आहे. वर चढत गेलं की डोक्यावरची हवा कमी होते, दाब कमी होतो, आणि पाण्याच्या वाफेला त्या दाबाची बरोबरी कमी तापमानालाच करता येते. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर, म्हणून इथे ९८. सातारा सुमारे ७४० मीटरवर, म्हणून ९७.५. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे ९५.५. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलात तर जवळजवळ १००.

पण हे मुलांना सांगण्याआधी तापमापी तपासून घ्या, नाहीतर चुकीच्या तापमापीचं खापर उंचीवर फुटेल. स्वस्त तापमाप्या १-२ अंशांनी चुकतात. बर्फाचा अगदी बारीक चुरा ग्लासभर घ्या आणि फक्त फटी भरतील इतकंच पाणी घाला. बर्फ तरंगायला लागला म्हणजे पाणी जास्त झालं. काडीने ढवळत राहा आणि ३-४ मिनिटांनी वाचा. शून्याऐवजी १ दिसलं तर त्या तापमापीच्या उकळत्या पाण्याच्या वाचनातूनही १ वजा करायचा. ही दुरुस्ती अगदी काटेकोर नाही, पण सातवीला पुरते. लाल द्रवाचा धागा मधेच तुटलेला आहे का तेही बघा. तुटला असेल तर वाचन एक-दोन नाही, पाच-दहा अंशांनीही चुकतं. तापमापीचा फुगा (खालचं द्रव भरलेलं टोक) बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात बुडवून द्रव पूर्ण खाली उतरू दिला की तो बहुतेक वेळा जोडला जातो.

मांडणीत एक बदल करा. स्पिरिटच्या दिव्याला २०० मिलि पाणी फार होतं, तास त्यातच संपतो. १०० मिलि घ्या, वर भोक पाडलेला पुठ्ठा ठेवा (घट्ट बसवू नका, वाफेला वाट हवी), म्हणजे १० मिनिटांच्या आसपास काम होतं. फुगा तळापासून दीड-दोन सेंटीमीटर वर, पाण्यात पूर्ण बुडालेला. तळाला टेकला की वाचन वाढतं. तापमापी हाताने धरायची नाही, स्टँडला दोऱ्याने टांगायची, आणि डोळा द्रवाच्या पातळीत आणूनच वाचायचं.

उकळणं म्हणजे काय ते आधी ठरवून द्या. ५०-६० अंशांना जे बारीक बुडबुडे काचेला चिकटलेले दिसतात ती पाण्यात विरघळलेली हवा आहे. मुलं तिथेच ‘उकळलं’ म्हणून ओरडतात. बुडबुडे तळातून निघून वर येऊन फुटले पाहिजेत आणि लागोपाठ तीन मिनिटं वाचन हललं नाही पाहिजे. दर मिनिटाला नोंद घेऊन आलेख काढला की शेवटचा आडवा भाग मुलांना स्वतःलाच दिसतो.

आणखी एक. कुणीतरी ‘बोअरचं पाणी आहे, क्षारांमुळे फरक पडला’ म्हणेल. क्षारांनी उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. तोही १ अंश वाढवायला लिटरमागे जवळपास ५८ ग्रॅम मीठ लागतं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी तापमापीवर दिसण्याजोगा फरक पडत नाही.

पाटण_खोरं

कृष्णाकाठ सर, माहिती उत्तम. पण सातवीला हवेचा दाब आणि उत्कलनांक यांचा संबंध सांगणं म्हणजे गोंधळ वाढवणं आहे असं मला वाटतं. परीक्षेत १०० विचारतात. दोन उत्तरं सांगितली की निम्मा वर्ग तिसरंच लिहितो.

कृष्णाकाठ_सांगली

पाटण सर, गोंधळ आत्ताच झालेला आहे. तापमापी ९७ दाखवते आणि वहीत १०० लिहिलं जातं, म्हणजे मुलं आपलं वाचन खोटं मानायला शिकतात. हे नुकसान दोन गुणांपेक्षा मोठं आहे. वाक्य एकच द्यायचं: ‘समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, आपल्या गावात ९७.५ ला.’ पहिला भाग परीक्षेचा, दुसरा प्रयोगवहीचा. घोटाळा होत नाही.

दाब डोळ्यांना दाखवायचा असेल तर २० मिलिची सिरिंज घ्या, सुई काढून. उकळून ७० अंशांपर्यंत निवलेलं पाणी ५ मिलि ओढा, आतली हवा पूर्ण बाहेर काढा, टोकाला रबरी बूच दाबून धरा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी ७० अंशांनाच उकळायला लागतं, दट्ट्या सोडला की थांबतं. पाणी आधी उकळून घेणं महत्त्वाचं, नाहीतर दिसणारे बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात आणि चौकस पोरगं ते ओळखतं. पाणी पोळण्याइतकं गरम असल्याने हे शिक्षकानेच करायचं. उलट टोकाचं उदाहरण मुलांच्या घरात आहेच: कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही, म्हणून डाळ लवकर शिजते.

परसबाग_तासगाव

पानाच्या प्रयोगाबद्दल लिहितो. ताई, तुमची मांडणी बरोबर आहे, वेळ चुकली. पान दिवसा स्टार्च साठवतं आणि रात्री त्याची साखर करून वापरतं, देठावाटे बाकीच्या झाडाकडेही पाठवतं. शुक्रवारी संध्याकाळी ते पान काळंनिळं पडलं असतं. शनिवारी सकाळी साडेसातला कोठार जवळपास रिकामं असतं. सकाळच्या शाळेत हा प्रयोग फसतो तो बहुतेक याच कारणाने.

उपाय असा. शुक्रवारी दुपारी तीन-साडेतीनला, ऊन असताना, पान तोडा आणि लगेच उकळत्या पाण्यात १-२ मिनिटं बुडवा. पान मरतं, स्टार्चची साखर करणारी विकरं निकामी होतात, आणि स्टार्च आहे तिथेच थांबतो. नुसतं तोडून पिशवीत ठेवलं तर पान जिवंतच असतं आणि रात्रभर स्टार्च खर्च करतं. उकळलेलं पान रुंद तोंडाच्या बाटलीत, पूर्ण बुडेल इतक्या स्पिरिटमध्ये, झाकण लावून रात्रभर ठेवा. पातळ पानातलं हरितद्रव्य तेवढ्यात बरंचसं निघून येतं. म्हणजे शनिवारी वर्गात स्पिरिट तापवायची गरजच उरत नाही, आणि ३८ मुलांच्या वर्गात ही सोय फार मोलाची आहे.

तरीही तापवायचं असेल तर स्पिरिट कधीही थेट ज्योतीवर नको. ते ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. आधी मोठ्या भांड्यात पाणी उकळा, दिवा विझवा, दिवा लांब न्या, मगच स्पिरिटची बाटली उघडा. स्पिरिट आणि पान असलेली परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी करा. ५-७ मिनिटांत पान फिकट होतं. हात धुण्याचं जेल सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि घट्ट करणारे पदार्थ असतात, रंग अर्धवट निघतो.

स्पिरिटमधून काढलेलं पान कडक, ठिसूळ असतं, उलगडताना तुटतं. कोमट पाण्यात १० सेकंद बुडवलं की मऊ पडतं. मग पूर्ण गार होऊ द्या. ही पायरी बरेच जण वगळतात. स्टार्च आणि आयोडिनचा निळा रंग गरम असताना टिकत नाही. गरम पानावर आयोडिन टाकलं की काहीच दिसत नाही आणि आपण पान फेकून देतो.

आयोडिन मेडिकलमधलं टिंक्चर, १ भाग टिंक्चरला ५ ते १० भाग पाणी. पातळ चहासारखा रंग यायला हवा. दाट वापरलं तर सगळंच पान तपकिरी दिसतं आणि फरक झाकला जातो. पोविडोन आयोडिननेही चालतं, पण रंग सावकाश येतो, ३-४ मिनिटं थांबा. पान पांढऱ्या बशीत ठेवा, थेंब टाकत बसू नका, पान बुडेल इतकं द्रावण ओता, मग पाण्याने धुऊन पहा.

आधी तपासणी म्हणून शिळ्या भाताच्या शितावर एक थेंब टाका. शीत काळंनिळं झालं नाही तर दोष आयोडिनचा आहे, पानाचा नाही.

काळा कागद दोन्ही बाजूंनी हवा, आणि पानाला चिकटपट्टीने डकवू नका, यू पिनेने धरा. डकवलेली पट्टी काढताना पानाची साल निघते आणि तिथे डाग दिसतो. पावसाळ्यात सातारा भागात सलग ढगाळ दिवस असतात, तेव्हा हा प्रयोग फिकाच येतो. दिवाळीनंतरच्या उन्हात घ्या. कांद्याची किंवा लसणाची पात कधीच घेऊ नका, तिच्यात स्टार्चऐवजी साखर साठते.

कऱ्हाड_प्रयोगशाळा

राहिली मटकी. उकडलेल्या मटकीने श्वसन केलेलं नाही. उकडलेले, ओले, गरम हवेत बंद करून ठेवलेले दाणे म्हणजे जिवाणू-बुरशीची मेजवानी, आणि कार्बन डायऑक्साइड त्यांनी सोडला. रात्रभर ठेवलं तर असंच होणार. मोड आलेल्या मटकीला इतका वेळ लागतच नाही. १ लिटरच्या बरणीत ५० ग्रॅम मोडाची मटकी आणि नळीत ५ मिलि निवळी असेल तर एक-दोन तासांत फरक दिसतो. सकाळी प्रार्थनेनंतर मांडा, मधल्या सुट्टीत पहा, त्याच दिवशी निकाल लिहा.

तिसरी बरणी रिकामी ठेवा, फक्त निवळीची नळी घालून. हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे निवळीवर पातळ साय येते. रिकाम्या बरणीतली साय दाखवली की मुलांना साय आणि खरा दुधाळपणा यांतला फरक कळतो. उकडलेले दाणे पूर्ण गार करून, निथळून घाला. झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावा. बरणीत वाकून बघताना मुलांचा उच्छ्वास आत जातो, तेवढ्यानेही निवळी बिघडते, म्हणून झाकण उघडायचंच नाही.

निवळी: पानपट्टीवरचा साधा भिजवलेला चुना, वासाचा नको, १ लिटर गार पाण्यात १ चमचा. जोरात हलवून रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओता. गरम पाण्यात चुना कमी विरघळतो, म्हणून गारच. बाटली काठोकाठ भरून घट्ट बुचात ठेवा. अर्ध्या बाटलीत उरलेली निवळी हवेने हळूहळू निकामी होते. वापरण्याआधी थोड्या निवळीत नळीने फुंकून पहा. लगेच दुधाळ झाली तर चांगली. फुंकताना ओढायचं नाही हे मुलांना आधी बजावा, चुना तोंडाला आणि डोळ्यांना वाईट. फुंकतच राहिलं तर दुधाळ निवळी पुन्हा नितळ होते, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शिअम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. नळी बराच वेळ तशीच राहिली तर साका खाली बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ दिसतं. ‘काहीच झालं नाही’ असं लिहिण्याआधी नळी हलवा. कळीचा चुना आणून वर्गात विरवू नका, तो पाण्यात उकळतो आणि उडतो.

अजिंक्यतारा_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी तोडलेलं पान हेच कारण असणार. एक शंका: हरितद्रव्याचं कामही त्याच तासात दाखवायचंय. पांढरे पट्टे असलेलं मनी प्लांट चालेल का?

परसबाग_तासगाव

चालेल, पण सावलीत वाढलेल्या मनी प्लांटचं पान जाड असतं आणि स्टार्च कमी साठतो. आठवडाभर चांगल्या उजेडात ठेवून मग वापरा. त्यापेक्षा कोलियस बरं, पान पातळ आणि रंग लवकर निघतो. जांभळ्या रंगाची जात नको, हिरवं-पांढरं घ्या. उकळण्याआधी पान वहीवर ठेवून मुलांना बाह्यरेषा आणि पांढरे भाग काढून घ्यायला लावा. हिरवा रंग निघाला की पांढरा भाग कुठला होता ते ओळखता येत नाही, आणि चित्र नसेल तर तुलना कशाशी करणार? या पानाला काळी पट्टी लावू नका, दोन कारणं एकाच पानात मिसळतात. पट्टीसाठी जास्वंद, पांढऱ्या भागासाठी कोलियस, दोन वेगळ्या बाटल्या, आणि बाटलीवर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पेनची शाई स्पिरिटने पुसली जाते.