बोअरच्या पाण्याचा घरचा स्विमिंग पूल : सँड फिल्टर रोज बॅकवॉश करावा का?

संत्रामळा_काटोल :
नमस्कार मंडळी. काटोलजवळ शेतातल्या घराला लागून मुलांसाठी छोटा पूल बांधला आहे. 20 बाय 10 फूट, खोली 4 फूट, म्हणजे अंदाजे 22 हजार लिटर. पाणी बोअरचं. वाळूचा फिल्टर आणि त्यावर सहा पोझिशनचा व्हॉल्व्ह आहे. बसवणाऱ्याने रोज बॅकवॉश करायला, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायला सांगितलं होतं, तसं करतो. तरी एप्रिल लागल्यापासून पाणी दुधाळच आहे, आणि आता पाणी पुलात परत येतं त्या तोंडाशी तळाला वाळू दिसते. क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर वापरतो. अजून एक, बॅकवॉशचं पाणी संत्र्याला सोडलं तर चालेल का? अंबिया बहाराची फळं झाडावर आहेत.

वर्धाकाठ :
तुरटी फिरवा भाऊ. पुराच्या पाण्याला आम्ही तेच करतो, सकाळपर्यंत गाळ खाली बसते.

फिल्टरवाला_रामटेक :
भाऊ, आधी रोजचा बॅकवॉश बंद करा. पेंचकडच्या मुक्कामाच्या ठिकाणांचे पूल सांभाळणं हेच माझं काम आहे, आणि सगळ्यात जास्त फिल्टर या रोजच्या धुण्यानंच वाया जाताना पाहतो. वाळूत थोडी घाण अडकली की पुढची बारीक धूळ त्या घाणीतच अडकते. एकदम धुतलेल्या वाळूतून आपल्याकडची काळ्या मातीची धूळ सरळ पार होते. टाकीवरचा प्रेशरचा काटा पाहा. धुतल्यावर तो जिथे असेल तिथे ऑइलपेंटनं खूण करा. त्याच्यावर 8 ते 10 पीएसआय चढला की धुवा, त्याआधी नाही. कडुनिंबाचा मोहोर गळतो तेव्हा स्किमरची (वर तरंगणारा कचरा ओढतो तो) आणि पंपाची जाळी मात्र रोज काढा.

दुधाळपणा दोन कारणांनी येतो. पारदर्शक बाटलीत पुलाचं पाणी घ्या आणि त्यात थोडं साधं व्हिनेगर टाकून हलवा. निवळलं तर तो चुना, नाही निवळलं तर धूळ किंवा शेवाळ. माझा अंदाज चुन्याचा आहे, काहून की बोअरचं पाणी जड, आणि ब्लीचिंग पावडरीतून त्यात आणखी कॅल्शियम जाते.

तुरटीनं गाळ बसतो हे खरं. पण मग पंप रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी तळाचा गाळ व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवून ओढून बाहेर टाका. तो फिल्टरमधून नेला तर वाळूचे गोळे होतात.

व्हॉल्व्हची मूठ पंप चालू असताना कधीही फिरवू नका, आतलं रबर फाटते. बॅकवॉश झाला की पंप बंद, मूठ 'रिन्स'वर, मिनिटभर पाणी बाहेर जाऊ द्या आणि मगच 'फिल्टर'. रिन्स करूनही वाळू येत असेल तर टाकीच्या तळाशी असलेल्या जाळीदार नळ्यांपैकी एखादी तुटली आहे. टाकी उघडावी लागेल.

संत्र्याला हे पाणी देऊ नका, जी. क्षार आणि क्लोराइड संत्र्याला सोसत नाही. बांधाकडे काढा.

दर्यापूरची_ताई :
आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणून एक सांगते. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मात्र पुलातच राहतात, आणि वरून बोअरचं पाणी घातलं की ते आणखी वाढतात. आम्ही पावसाळ्यात अर्धा पूल रिकामा करून छताचं पाणी पागोळीनं आत घेतो. पहिल्या एक-दोन सरींचं मात्र सोडून देतो, छतावरची धूळ असते त्यात. फिल्टरवर याचा फार फरक पडला.

संत्रामळा_काटोल :
व्हिनेगर टाकताच पाणी निवळलं. रिन्स केलं तरी वाळू येते. टाकी स्वतः उघडू का? वाळू कन्हानची घरी पडली आहे, ती भरली तर?

फिल्टरवाला_रामटेक :
उघडा, जमण्यासारखं काम आहे. पंपाचं बटण बंद करून वायरही काढा. खालचा बूच काढून टाकी रिकामी होऊ द्या. मधल्या उभ्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावा, त्यात वाळूचा एक कणही जायला नको. वाळू मगानं काढा. फावडं घालू नका, नळ्या नाजूक असतात. तुटलेली बदलली की बूच लावून टाकी आधी अर्धी पाण्यानं भरा, मग वाळू हळूहळू सोडा. कोरड्या टाकीत वरून ओतली तर नवी नळीही तुटेल.

कन्हानची वाळू घर बांधायला उत्तम, इथे नको. तिच्यात लहानमोठे कण आणि माती असते. फिल्टरची धुतलेली सिलिका वाळू मागा, 0.45 ते 0.55 मिलिमीटरची. जुनी हातात घेऊन पाहा, खडे बांधले असतील तर पूर्ण बदला. जड पाण्यात तिचं आयुष्य कमी भरते.

चुन्यासाठी, पीएच चढलेला असेल तर ॲसिडनं तो 7.2 ते 7.6 मध्ये आणा. थेंबांचं टेस्ट किट घ्या. ॲसिड टाकताना मुलं लांब. बादलीत आधी पाणी, मग त्यात थोडं ॲसिड, आणि ते पंप चालू ठेवून पुलात. ॲसिड आणि ब्लीचिंग एका बादलीत, एका मगात, एका फळीवरही ठेवू नका. दोन्ही मिळाले की विषारी वायू निघतो. पुढे पावडरीऐवजी द्रव क्लोरीन वापरा आणि ते सूर्य मावळल्यावर टाका, दिवसा उन्हात ते उडून जाते.

नळी घ्यायला जाताना जुनी सोबत न्या, मापं वेगवेगळी येतात.